परतून न आलेल्यांचे कथन : पानिपत, आघात-मीमांसा आणि शोकाची मान्यता

१

मानसिक आघाताची संकल्पना साहित्यसमीक्षेत आली ती मनोवैद्यकाच्या वाटेने. अमेरिकन मनोवैद्यक संघटनेच्या निदान-संहितेची तिसरी आवृत्ती १९८० मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा 'आघातोत्तर तणाव विकृती' हे निदान तिच्यात प्रथम स्वतंत्रपणे नोंदवले गेले. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांचा अनुभव या नोंदीमागे होता. पुढे ज्यूडिथ हर्मन यांचा 'ट्रॉमा अँड रिकव्हरी' (१९९२) आणि कॅथी कॅरुथ यांचा 'अनक्लेम्ड एक्सपीरियन्स' (१९९६) या ग्रंथांनी या विचाराचे दोन वेगळे प्रवाह रूढ केले. हर्मन यांचा भर उपचारावर आहे. सुरक्षिततेची प्रस्थापना, स्मरण व शोक, आणि सामान्य जीवनाशी पुन्हा जोडले जाणे, अशा तीन टप्प्यांनी आघातग्रस्त व्यक्ती सावरते, असे त्या सांगतात. कॅरुथ यांचा भर कथनाच्या अशक्यतेवर आहे. आघाताची घटना घडते तेव्हा ती पुरती अनुभवलीच जात नाही. ती उशिराने, स्वप्नांतून आणि पुनरावृत्तीतून माणसाकडे परत येते. म्हणून तिचे कथन विलंबित आणि खंडित असणारच, असा हा विचार आहे.

तौलनिक साहित्याभ्यासात गेल्या काही दशकांत दुसरा प्रवाह प्रबळ ठरला. भारतात तो प्रामुख्याने फाळणीच्या साहित्याच्या निमित्ताने आला आणि 'अकथनीय' हा शब्द जवळजवळ गृहीतक बनला. मात्र ही मीमांसा विसाव्या शतकातील युरोपीय अनुभवावर उभी आहे, आणि इतर समाजांच्या शोकसंस्थांचा विचार तिच्यात पुरेसा झालेला नाही, ही मर्यादा स्टेफ क्रॅप्स यांनी 'पोस्टकलोनिअल विटनेसिंग' (२०१३) मध्ये दाखवून दिली आहे. मराठीपुरता या प्रश्नाचा पडताळा घ्यायचा झाल्यास पानिपताइतके योग्य उदाहरण दुसरे नाही.

१४ जानेवारी १७६१ या दिवशी झालेल्या या युद्धाची भूमी आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडते. त्याच्या आदल्या वर्षी दत्ताजी शिंदे जेथे पडले तो बुराडी घाट दिल्लीतच आहे. मराठी मनात मात्र 'पानिपत' हे गाव म्हणून क्वचितच असते. ते एका नुकसानीचे नाव आहे. या नुकसानीविषयी अठराव्या शतकातच लिहिले गेलेले मराठी व फार्सी लेखन तपासले, तर आघात-मीमांसेच्या गृहीतकाला छेद देणारी एक गोष्ट पुढे येते. पानिपतानंतर कथनाला विलंब झाला नाही. विलंब झाला तो मान्यतेला, म्हणजे 'जे गेले ते गेले' हे कुटुंबाने, दरबाराने आणि समाजाने एकमुखाने स्वीकारण्याला. कथन आणि मान्यता यांतील हे अंतर हाच प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

२

पानिपताची पहिली वार्ता नानासाहेब पेशव्यांना मिळाली ती सावकारी पत्रातून, असे परंपरा सांगते. पेशवे उत्तरेच्या वाटेवर भिलशाच्या परिसरात होते. तेथे हाती आलेल्या एका व्यापारी पत्रात माणसांची नावे नव्हती. मोती, मोहरा, रुपये आणि तांब्याची नाणी एवढाच मजकूर होता. त्यांतील कोणती किती गमावली याची नोंद होती, आणि शेवटच्या दोन वर्गांची तर मोजदादच होणार नाही असे कळवले होते. वाचणाऱ्याला अर्थ लागला. दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ.

हे पत्र आघात-मीमांसेच्या चौकटीत बसवणे सोपे आहे. जे उघड बोलता येत नाही ते रूपकात लपले, असे म्हणून मोकळे होता येईल. परंतु ही भाषा अबोध मनाने घडवलेली नाही. ती हुंडी-व्यवहाराची, गुप्ततेच्या गरजेतून आलेली रूढ भाषा आहे. वार्ता शत्रूच्या हाती पडू नये, बाजार कोसळू नये, हा तिचा हेतू आहे. तिने काहीही दडवलेले नाही. उलट हानीची श्रेणीनिहाय मोजणी केली आहे. या मोजणीत एक गोष्ट मात्र ठळकपणे दिसते. मोत्यांची संख्या सांगता येते, तांब्याची सांगता येत नाही. पुढील अडीच शतकांच्या मराठी स्मृतीत नेमके हेच घडले. मोत्यांवर कादंबऱ्या लिहिल्या गेल्या. तांबे मोजलेच गेले नाही. बुणगे, बाजारकरी, यात्रेकरू, बायका आणि मुले 'लाख बांगडी फुटली' अशा एका समूहवाचक वाक्प्रचारात सामावली गेली.

वाक्प्रचारांचा साक्षीपुरावा येथे महत्त्वाचा आहे. 'पानिपत होणे', 'विश्वास पानिपतात जाणे' हे प्रयोग आजही रूढ आहेत. 'संक्रांत कोसळणे' या प्रयोगाचा संबंधही लोकसमजुतीने पानिपताशी जोडला जातो, कारण १४ जानेवारी हा संक्रांतीचा दिवस. पंचांगाचा हिशेब मात्र वेगळे सांगतो. निरयन मकरसंक्रमण इंग्रजी दिनदर्शिकेत सुमारे बाहत्तर वर्षांनी एक दिवस पुढे सरकते. त्यामुळे अठराव्या शतकाच्या मध्यास संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येत असे. पानिपताचा दिवस पौष शुद्ध अष्टमीचा, बुधवारचा होता. संक्रांत त्याआधीच होऊन गेली होती. संक्रांतीच्या दिवशी पडले ते दत्ताजी शिंदे, आदल्या वर्षी, १० जानेवारी १७६० रोजी, बुराडी घाटावर. म्हणजे मराठी स्मृतीने दोन हिवाळे आणि दोन रणांगणे एका सणाच्या दिवशी एकत्र आणली आहेत. स्वप्नरचनेत अनेक प्रसंग एका प्रतिमेत दाटतात, असे फ्रॉइड यांनी म्हटले होते. येथे ते काम दिनदर्शिकेने केले आहे. समूहाची स्मृती अशी घडते. तिच्यात चूक आहे म्हणून ती टाकाऊ ठरत नाही. चुकीची दिशा पाहिली की समूहाला काय एकत्र ठेवायचे होते, ते कळते.

३

युद्धानंतर अल्पावधीतच बखरी लिहिल्या गेल्या. कृष्णाजी शामराव याच्या नावावर असलेली 'भाऊसाहेबांची बखर' संवादांनी, शपथांनी आणि बोलीतील जिवंत वाक्प्रयोगांनी भरलेली आहे. मराठी गद्याच्या इतिहासात तिचे स्थान वादातीत आहे. इतिहासकार तिच्यातील तपशिलांविषयी सावध असतात आणि ते योग्यच आहे. परंतु साहित्याभ्यासकाचे लक्ष दुसरीकडे जाते. ज्या समाजाने नुकतीच एवढी मोठी हानी सोसली, त्याचे गद्य कोसळलेले दिसत नाही. ते अधिक बोलके झालेले दिसते. हा काळ मूक नव्हता.

रघुनाथ यादव याच्या 'पाणिपतची बखर' या ग्रंथाची निर्मितिकथा आणखी सूचक आहे. ही बखर गोपिकाबाईंच्या आज्ञेवरून लिहिली गेली. गोपिकाबाई म्हणजे नानासाहेबांच्या पत्नी आणि विश्वासरावांच्या आई. १७६१ च्या जानेवारीत त्यांचा थोरला मुलगा गेला. २३ जून १७६१ रोजी पुण्यात पर्वतीवर पतीचे निधन झाले. अशा स्त्रीने लेखकाला बोलावून, काय झाले ते लिही, अशी आज्ञा केली, ही घटना मराठी साहित्येतिहासात एका ओळीत नोंदवली जाते. आघाताच्या अभ्यासाच्या दृष्टीने तिचे महत्त्व फार मोठे आहे. येथे कथन आघातग्रस्ताच्या मुखातून आपोआप बाहेर पडत नाही. आघातग्रस्त व्यक्ती ते मागते, आणि श्रोत्याची जागा स्वतःकडे ठेवते.

आधुनिक उपचारांनी या जागेचे महत्त्व बऱ्याच अनुभवांती ओळखले. आपत्तीनंतर लगेच, एकाच बैठकीत पीडितांना सारे बोलायला लावावे, म्हणजे पुढील विकार टळतो, असा एक समज विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रचलित होता. २००० नंतरच्या संशोधन-आढाव्यांत या पद्धतीचा प्रतिबंधक उपयोग होत नसल्याचे आढळले. याउलट एड्ना फोआ यांनी विकसित केलेल्या उपचारपद्धतीत, किंवा युद्धग्रस्त निर्वासितांसाठी वापरल्या जाणाऱ्या कथनाधारित उपचारांत, तीच कथा सुरक्षित वातावरणात, विश्वासाच्या श्रोत्यासमोर, क्रमाने आणि अनेक वेळा सांगितली जाते, आणि त्याचा गुण येतो. फरक बोलण्यात नाही. कोणी विचारले, कोण ऐकत आहे आणि सांगणाऱ्याला केव्हा थांबता येते, यात तो आहे. गोपिकाबाईंच्या आज्ञेत या तिन्ही गोष्टी होत्या.

रघुनाथ यादव याने महाभारताची चौकट स्वीकारली. योद्ध्यांच्या उपमा, युद्धवर्णनाचा सोस, कुरुक्षेत्राचे भौगोलिक सान्निध्य यांमुळे ही निवड त्याला सहज सुचली असणार. समीक्षकांनी तिला आलंकारिकतेचा दोष मानले आहे. तो दोष आहेच. पण त्याच वेळी हे लक्षात घ्यावे लागते की, महाभारत हा मुलगे गमावलेल्या आयांचा ग्रंथ आहे; त्यात स्त्रियांच्या शोकाला स्वतंत्र पर्व दिलेले आहे. ज्या आईने हे लेखन मागवले, तिला या चौकटीत आपली जागा शोधावी लागली नसेल. परंपरेने ती आधीच राखून ठेवली होती. अकथनीयतेच्या सिद्धान्तात अशा राखीव जागांचा विचार नाही.

४

समूहाच्या स्मृतीकडून व्यक्तीच्या स्मृतीकडे वळल्यास दोन आत्मकथने समोर येतात. एक मराठीतील, दुसरे फार्सीतील. दोन्ही एकाच उलथापालथीतून निघालेली असून त्यांची तुलना सहसा होत नाही.

नाना फडणीस पानिपतावर होते तेव्हा त्यांनी वयाची एकोणीस वर्षेही पुरी केली नव्हती. उत्तरेतील तीर्थयात्रेच्या ओढीने आई आणि पत्नीसह ते लष्कराबरोबर आले होते. त्यांचे आत्मचरित्र लहान आणि अपुरे आहे. त्याचा आरंभ जन्म, देह आणि मोह यांविषयीच्या वेदान्ती चिंतनाने होतो. बालपणीची देवपूजा आणि तारुण्यातील कामविकार यांची कबुली विलक्षण मोकळेपणाने येते. मग पानिपत येते. पराभव, पलायन, लपत-छपत केलेली पायपीट, भूक, रेवाडीकडचा आसरा, आईचा कायमचा वियोग. यानंतर थोड्याच मजकुरात लेखन थांबते. पुढे एकोणचाळीस वर्षे नाना जगले आणि त्यांतील बराच काळ मराठी राज्याचा कारभार त्यांच्या हाती होता. त्या कर्तृत्वाची कथा त्यांनी सांगितली नाही.

दुसरे आत्मकथन मीर तकी मीर यांचे 'ज़िक्र-ए-मीर'. उर्दूच्या या थोर कवीने ते फार्सीत लिहिले, सी. एम. नईम यांचा इंग्रजी अनुवाद १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. १७६० च्या जानेवारीत दत्ताजी पडल्यावर अब्दालीच्या व रोहिल्यांच्या सैन्याने दिल्ली लुटली. मीर यांनी ती लूट अनुभवली आणि कुटुंबासह शहर सोडून सूरजमल जाटाच्या मुलुखात आश्रय घेतला. नंतर दिल्लीत परत आल्यावर ओळखीच्या वस्त्यांतून फिरताना घरे ओळखू येईनात, माणसे दिसेनात, हा अनुभव त्यांनी नोंदवला आहे. याच ग्रंथात त्यांच्या तारुण्यातील मनोविकाराचेही वर्णन आहे. चंद्रात एक आकृती दिसू लागली, ती खाली उतरून जवळ येई, रात्री असह्य होत. औषधे, मंत्र, कोंडून ठेवणे आणि रक्तमोक्षण असे उपचार झाले आणि हळूहळू आराम पडला. मीर हे सारे लाज न बाळगता सांगतात. पुढे 'ख्वाब-ओ-ख़याल' या मस्नवीत हाच अनुभव काव्यविषय झाला.

या दोन लेखनांत तीन साम्ये दिसतात. पहिले असे की, दोघांनीही आघाताला आयुष्याचा आरंभबिंदू मानलेले नाही. नानांच्या लेखी पानिपताच्या आधी मोहाची कथा आहे, मीर यांच्या लेखी दिल्लीच्या आधी वडिलांच्या सूफी सहवासाची आणि त्यांच्या मृत्यूची. दोघांच्याही जीवनार्थाची चौकट आपत्तीच्या आधीची आहे, आणि आपत्ती तिच्यात सामावते किंवा सामावत नाही एवढाच प्रश्न आहे. दुसरे असे की, दोघांनीही क्रम सोडलेला नाही. खंडित वाक्ये, काळाची सरमिसळ, स्मृतीतील पोकळ्या ही जी आघातकथनाची लक्षणे म्हणून सांगितली जातात, ती येथे नाहीत. तिसरे साम्य शेवटाचे आहे. नानांचे लेखन मध्येच थांबते. मीर यांचे लेखन चुटक्यांच्या संग्रहाने संपते. हे चुटके, त्यांतील काही ग्राम्य, पुढच्या काळात संपादकांना अवघड वाटले आणि गाळलेही गेले. उद्ध्वस्त नगराच्या कथनानंतर विनोद कशासाठी, हा प्रश्न आघात-मीमांसेला पडतो. दरबारी मैफिलीची रीत जाणणाऱ्या वाचकाला तो तितकासा पडणार नाही. रडवून श्रोत्यांना तसेच घरी पाठवणे त्या रीतीत बसत नव्हते.

या साम्यांवरून आघात नव्हता असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. नानांचे लेखन जेथे थांबते ती जागा बोलकी आहे. पण ते मौन घटनेविषयीचे नाही. पलायनाचा तपशील त्यांनी सांगितला. नंतरचे आयुष्य सांगितले नाही. वाचलेल्या माणसाची अडचण काही वेळा 'काय घडले' हे सांगण्याची नसून 'त्यानंतर मी कसा जगलो' हे सांगण्याची असते. आघाताच्या दीर्घकालीन परिणामांचा विचार करताना साहित्याभ्यासकांनी या दुसऱ्या मौनाकडे अधिक लक्ष द्यावयास हवे.

५

आता मान्यतेच्या प्रश्नाकडे येता येईल. सदाशिवरावभाऊंचे काय झाले, याविषयी वृत्तान्त होता. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेला काशीराज पंडित हा दक्षिणी ब्राह्मण युद्धाचा साक्षीदार होता. मृतदेहांची ओळख पटवणे आणि अग्निसंस्कार यांची हकिकत त्याने पुढे फार्सीत लिहून ठेवली. तरीही पुण्यात भाऊंच्या मृत्यूवर विश्वास बसला नाही. पार्वतीबाई रणांगणावरून सुखरूप परत आल्या, पण त्यांनी वैधव्य स्वीकारले नाही. १७८३ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा पती-पत्नींचे अंत्यसंस्कार एकत्र करण्यात आले. मधली बावीस वर्षे त्या सौभाग्यचिन्हांसह राहिल्या.

पॉलीन बॉस यांनी व्हिएतनाममध्ये बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास १९७० च्या दशकात केला आणि 'संदिग्ध हानी' ही संकल्पना मांडली. माणूस देहाने नाही, पण त्याचा मृत्यूही निश्चित नाही, अशा अवस्थेत शोक गोठून राहतो. अशा कुटुंबांवर 'आता विसरा, पुढे चला' असा आग्रह लादू नये, असे बॉस सांगतात. 'तो कदाचित नाही, आणि कदाचित आहे' अशी दोन्ही विधाने एकत्र बाळगण्याची मुभा त्यांना मिळाली, तर ती माणसे सावरतात.

पेशवाईतील पुण्याने पार्वतीबाईंना ही मुभा दिली. हे सामान्य नव्हते. विधवेच्या आचाराविषयी कठोर असलेल्या समाजात, धर्मशास्त्राच्या अभ्यासकांनी गजबजलेल्या शहरात, राजघराण्यातील एक स्त्री बावीस वर्षे उत्तराची वाट पाहत राहिली आणि तिला कोणी उत्तर लादले नाही. धर्मशास्त्रात तोड नव्हती असे नाही. देह न सापडलेल्या माणसासाठी ठरावीक वर्षे वाट पाहून पळसाच्या किंवा दर्भाच्या प्रतिकृतीला अग्नी देण्याचा विधी सांगितलेला आहे. म्हणजे परंपरेने संदिग्ध हानी ओळखली होती आणि तिच्यावर उपायही योजला होता. पार्वतीबाईंच्या बाबतीत तो उपाय त्यांच्या हयातीत वापरला गेला नाही. १७८३ चा संयुक्त संस्कार हा त्यांच्या नकाराचा मान राखून केलेला शेवट होता.

मात्र ही मुभा किंमत न घेता मिळत नाही. मृत्यूला मान्यता नसेल, तर परत येण्याची जागा रिकामी राहते, आणि रिकाम्या जागेवर कोणीतरी येऊन उभा राहतो. पानिपतानंतर काही वर्षांतच, आपण सदाशिवरावभाऊ आहोत असे सांगणारा एक माणूस पुढे आला. माधवराव पेशव्यांच्या काळी त्याची चौकशी होऊन तो कैदेत पडला. नारायणरावांच्या खुनानंतरच्या गोंधळात तो रत्नागिरीहून सुटला. कोकणातील किल्ले त्याच्या बाजूला गेले, सैन्य जमले, पैसा जमला. अखेर तो पकडला गेला आणि डिसेंबर १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहान्त शिक्षा झाली. मराठी इतिहासात तो 'तोतया' या नावाने ओळखला जातो. न. चिं. केळकर यांनी १९१३ मध्ये 'तोतयाचे बंड' हे नाटक याच विषयावर लिहिले.

तोतया फसवा होता, यात इतिहासकारांना संशय नाही. प्रश्न त्याच्यामागे गेलेल्या माणसांचा आहे. ती सारी भोळी किंवा स्वार्थी होती असे मानणे पुरेसे नाही. ज्यांचे स्वतःचे भाऊ, बाप आणि नवरे परत आले नव्हते, त्यांच्या दृष्टीने भाऊसाहेबांचे परत येणे ही एक शक्यता होती. मोती परत आला, तर तांबेही येईल. तोतया हा समूहाच्या गोठलेल्या शोकाने धारण केलेला देह होता.

आणि या देहाचा निवाडा करण्याची वेळ ज्या कारभाऱ्यांवर आली, त्यांत नाना फडणीस होते. स्वतः पानिपतातून पळून वाचलेला, तेथे आई गमावलेला माणूस आता चौतिसाव्या वर्षी 'पानिपतातून कोणीही परत आलेले नाही' असा राज्याचा निर्णय बजावत होता. राजकीय दृष्ट्या तो आवश्यक होता. आघाताच्या दृष्टीने पाहता ती मान्यता होती, पण जल्लादाच्या हातून आलेली. समूहाच्या शोकाला तिने वाट दिली नाही. तिने एक दार बंद केले. त्यानंतर सात वर्षांनी पार्वतीबाईंच्या चितेबरोबर झालेला संस्कार ही दुसऱ्या प्रकारची मान्यता होती. पंधराव्या वर्षी शिक्षेने आलेली मान्यता आणि बाविसाव्या वर्षी विधीने आलेली मान्यता, यांतील फरक हा अठराव्या शतकातील मराठी समाजाने आघातोपचाराविषयी मागे ठेवलेला धडा आहे. साहित्याने तोतयावर नाटक लिहिले. त्या संस्कारावर लिहिण्याजोगे बरेच शिल्लक आहे.

६

विसाव्या शतकात पानिपताचे मराठी कथन बदलले. गोविंदाग्रजांचा 'पानपतचा फटका' हानीचे रूपांतर आवेशात करतो. १९६१ मध्ये, युद्धाला दोनशे वर्षे झाली तेव्हा, त्र्यं. शं. शेजवलकर यांचा 'पानिपत १७६१' हा ग्रंथ मराठीत आला. त्याआधी १९४६ मध्ये त्यांनी तो विषय इंग्रजीत मांडला होता. कागदपत्रे आणि भूगोल यांच्या आधारे अंतर, रसद, हवामान आणि निर्णय यांचा ताळा मांडणारे हे लेखन दैवाला बाजूला सारते. नेमकी माहिती ही शोकाची शत्रू नसून तिच्यामुळेच शोकाला आकार येतो, हे शेजवलकरांच्या ग्रंथावरून पटते. विश्वास पाटील यांच्या 'पानिपत' (१९८८) या कादंबरीने मोठा वाचकवर्ग मिळवला आणि पराभवाची जागा शौर्याने घेतली.

येथे सावधगिरीची गरज आहे. वामिक वोल्कन यांनी 'निवडलेला आघात' ही संकल्पना मांडली आहे. एखादा समूह आपल्या इतिहासातील एक पराभव निवडतो, त्याचा शोक पुरा करत नाही आणि पिढ्यानुपिढ्या तो अस्मितेचे चिन्ह म्हणून जपतो. १३८९ च्या कोसोवो युद्धाचे सर्बियात जे झाले ते वोल्कन यांचे प्रमुख उदाहरण आहे; १९८९ मध्ये सहाशेव्या वर्षदिनी त्या स्मृतीचा राजकीय वापर झाला आणि पुढील दशकात त्याची किंमत इतरांनी मोजली. निवडलेल्या आघाताचे लक्षण असे की, त्यात फक्त स्वतःची जखम दिसते. मराठी पानिपतकथनात १७६० च्या ऑगस्टमध्ये दिल्ली घेतल्यावर दिवाण-इ-खासचे चांदीचे छत उतरवून त्याची नाणी पाडली, हा तपशील येतो, पण रसदीच्या टंचाईचा भाग म्हणून. त्या शहरात राहणाऱ्यांना त्या वर्षी काय वाटले असेल, हे समजण्यासाठी मीर वाचावे लागतात. कॅरुथ यांच्या मीमांसेवर रूथ लेस यांनी २००० मध्ये घेतलेला आक्षेप येथे उपयोगी पडतो. जखम करणारा आणि जखम झालेला यांतील भेद पुसून दोघांनाही सारखेच 'आघातग्रस्त' म्हणणे नैतिकदृष्ट्या धोक्याचे आहे. मराठी सैन्य दिल्लीच्या मुलुखात एकाच वेळी दोन्ही होते, आणि ही दुहेरी ओळख सांभाळणारे कथन अजून दुर्मीळ आहे.

या ठिकाणी पानिपत हे गावही दिसू लागते. उर्दू वाचकाचे पानिपत वेगळे आहे. ते अल्ताफ हुसैन हाली यांचे जन्मगाव आहे, ख्वाजा अहमद अब्बास यांचे गाव आहे. १९४७ च्या नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये गांधीजी तेथे दोनदा गेले. तेथील मुसलमानांनी गाव सोडू नये असा त्यांचा प्रयत्न होता. ते राहू शकले नाहीत. त्यांच्या घरांत पश्चिम पंजाबातून उखडून आलेली कुटुंबे राहू लागली आणि आजचे हातमागाचे, सुताचे पानिपत उभे राहण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. फाळणीच्या मानसिक परिणामांविषयी भारतीय मनोवैद्यक त्या काळी जवळजवळ गप्प राहिले. संजीव जैन आणि आलोक सरीन यांनी २०१८ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथाने या मौनाची पहिली विस्तृत चिकित्सा केली. दिल्लीत वीणा दास यांनी फाळणीच्या आणि १९८४ च्या हिंसाचारातून वाचलेल्या स्त्रियांच्या दैनंदिन जगण्याचा अभ्यास केला. जखम भाषेत न आणता स्वयंपाक, नाती आणि घर यांच्या नित्यकर्मांत ती कशी वागवली जाते, हे त्यांनी दाखवले. पार्वतीबाईंचे रोजचे कुंकू समजून घ्यायला हे लेखन कोणत्याही अकथनीयतेच्या सिद्धान्तापेक्षा अधिक जवळचे आहे.

पानिपतच्या काला आम स्मारकाला भेट देणारा मराठी प्रवासी शिलालेख वाचून परततो. ज्या गावातून तो जातो, त्या गावाच्या प्रत्येक जुन्या घरात न परतलेल्यांची एक कथा आहे, हे त्याला सहसा कोणी सांगितलेले नसते. मोजता न आलेल्या तांब्याची बाब दोन्हीकडे सारखीच आहे.

अठराव्या शतकातील साधनांनी आघात-मीमांसेला द्यायची दुरुस्ती आता नेमकी मांडता येते. आघाताचे कथन अशक्य असते, हे सार्वत्रिक सत्य नाही. भाषा, चौकट आणि श्रोता उपलब्ध असेल तर ते लगेच होते, सलग होते, आणि प्रसंगी विनोदानेही संपते. जे अडते ते वेगळेच असते. हानी झाली, ती अमुक माणसाची झाली, आणि तिला इतरांनी हानी म्हणून स्वीकारले, या तिन्ही गोष्टी एकत्र येईपर्यंत कथनाला उपचाराचे बळ येत नाही. गोपिकाबाईंना त्या एका ग्रंथात मिळाल्या. पार्वतीबाईंना मृत्यूनंतर मिळाल्या. तोतयामागे गेलेल्या हजारोंना मिळाल्या नाहीत. नानांचे अपुरे आत्मचरित्र आणि मीर यांचे 'ज़िक्र' एकाच अभ्यासक्रमात शेजारी ठेवून शिकवले गेले, तर दिल्लीतील मराठीच्या अभ्यासाला त्या मान्यतेची सुरुवात करता येईल.